डेव्हिड ब्लॅकवेल : गणित, गुणवत्ता आणि बंद दार

मी महाविद्यालयात गणित शिकवतो. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत आपल्या वस्त्यांतली, खेड्यापाड्यांतली मुले सल्ला घ्यायला येतात. गणित का घेत नाहीस, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : ‘सर, गणित आपल्याला नाही जमायचं.’ हे वाक्य त्या मुलांचे नव्हे. ते त्यांना कोणीतरी दिलेले असते. माझ्या लहानपणी एका शिक्षकांनी ते मलाही दिले होते, माझी वही न उघडताच. म्हणून मी त्या मुलांना एका माणसाची हकीकत सांगतो. तीच येथे थोडी विस्ताराने मांडतो.

डेव्हिड ब्लॅकवेल यांचा जन्म २४ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, सेंट्रालिया या रेल्वेच्या गावी झाला. वडील रेल्वेत इंजिनांच्या देखभालीचे काम करीत. मुलाला प्राथमिक शाळेत शिक्षक व्हायचे होते. शाळेत भूमितीने त्याला वेड लावले आणि सोळाव्या वर्षी तो इलिनॉय विद्यापीठात दाखल झाला. आपल्या शिक्षणासाठी वडील कर्ज काढत आहेत हे कळताच त्याने स्वतः कामे धरली. भांडी घासली, खानावळीत वाढप्याचे काम केले. १९४१ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, जोसेफ डूब यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळवली.

येथवर गुणवत्तेची कहाणी सरळ आहे. पुढे दार आडवे येते.

डॉक्टरेटनंतर एक वर्षासाठी ते प्रिन्स्टनच्या उच्च अध्ययन संस्थेत गेले. या संस्थेच्या सदस्यांना शेजारच्या प्रिन्स्टन विद्यापीठात मानाने सामावून घेण्याची प्रथा होती. काळ्या माणसाच्या बाबतीत विद्यापीठाने तिला हरकत घेतली. १९४२ साली कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात जर्झी नेमन या ख्यातनाम संख्याशास्त्रज्ञाने त्यांची मुलाखत घेतली व त्यांना नेमावे असे म्हटले. तेही झाले नाही. विभागप्रमुखांच्या घरी प्राध्यापकांना जेवायला बोलावण्याचा रिवाज होता आणि त्या घरात काळ्या माणसाला बसवायला नकार होता. पंगतीचा प्रश्न फक्त आपल्याकडेच आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

गोऱ्यांच्या विद्यापीठांत आपल्याला जागा मिळणार नाही हे ब्लॅकवेल यांनी आधीच गृहीत धरले होते. त्यांनी अर्ज पाठवले ते काळ्यांच्या महाविद्यालयांना, एकूण शंभरावर. बॅटन रूज आणि अटलांटा येथे एकेक वर्ष शिकवून १९४४ साली ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात आले. तेथे दहा वर्षे राहिले, विभागप्रमुख झाले आणि शिकवण्याचा मोठा बोजा सांभाळून वीसावर शोधनिबंध लिहिले. त्या देशात काळ्यांसाठी अशा संस्था उभ्या नसत्या तर हा माणूस कोठे गेला असता? बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय का काढले, याचे उत्तर या प्रश्नात आहे.

त्यांचे सर्वांत गाजलेले काम याच काळातले आहे. ते समजायला अवघड नाही. बियाण्याची उगवण पाहण्यासाठी शेतकरी १० दाणे ओल्या गोणपाटात ठेवतो. समजा, ७ उगवले. आता एखाद्याने फक्त पहिला दाणा पाहून ठरवले की तो उगवला म्हणजे सगळे बियाणे चांगले, नाही उगवला तर सगळे वाया. हाही एक अंदाजच, पण फार कच्चा. आता असा विचार करा. कितवा दाणा उगवला याला महत्त्व नाही. उगवणीविषयी या दहा दाण्यांकडून जे काही कळण्यासारखे आहे ते सगळे ‘७’ या आकड्यात आले आहे. दहांपैकी सात उगवले असतील तर पहिला दाणा उगवलेला असण्याची शक्यता किती? ७/१०. कच्च्या अंदाजाच्या जागी ही सरासरी घेतली की अंदाज पक्का होतो. कोणताही कच्चा अंदाज अशा रीतीने उपलब्ध सर्व माहितीतून गाळून घेतला तर तो पहिल्यापेक्षा कधीच वाईट होत नाही, बहुधा सुधारतोच, असे हे प्रमेय सांगते.

याला राव-ब्लॅकवेल प्रमेय म्हणतात. कलकत्त्यात सी. आर. राव यांनी ते १९४५ साली प्रसिद्ध केले आणि हॉवर्डमध्ये ब्लॅकवेल यांनी १९४७ साली स्वतंत्रपणे. एक पारतंत्र्यातल्या देशात, दुसरा वेगळ्या काढलेल्या समाजाच्या विद्यापीठात. आज जगात जेथे संख्याशास्त्र शिकवले जाते तेथे ही दोन नावे जोडीने घेतली जातात.

हे प्रमेय शिकवताना मला दर वेळी बर्कलेची ती मुलाखत आठवते. एका दाण्यावरून पोत्याचा निकाल लावणे चूक, हे गणित सांगते. तेथे तर दाणाही पाहिला नव्हता; पोत्याचा रंग पाहून निकाल लावला होता.

१९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. त्याच वर्षी ब्लॅकवेल पाहुणे प्राध्यापक म्हणून बर्कलेला गेले आणि १९५५ साली तेथेच पूर्ण प्राध्यापक झाले. पुढे त्या विभागाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. १९६५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आलेले ते पहिले काळे सदस्य ठरले. १९७९ साली त्यांना फॉन नॉयमन पारितोषिक मिळाले. ८ जुलै २०१० रोजी ते वारले. राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना मरणोत्तर, २०१४ साली देण्यात आले.

बर्कलेला लागूनच ओकलंड शहर आहे. तेथे १९६६ साली ब्लॅक पँथर उभी राहिली आणि तिच्यावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर. ते नेते आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहेत. त्याच काळात शेजारच्या विद्यापीठात शिकवणारे ब्लॅकवेल ठाऊक नाहीत. ते चळवळीतले नव्हते. झालेल्या अन्यायाविषयीही ते कडवटपणाने बोलत नसत. संशोधनापेक्षा आपल्याला समजून घेण्यात रस आहे, असे ते म्हणत. मग असा माणूस चळवळीच्या काय कामाचा, असे एका कार्यकर्त्या मित्राने मला विचारले. माझे उत्तर असे की, राखीव जागांचा विषय निघाला की आपल्या तोंडावर ‘गुणवत्ता’ हा शब्द फेकला जातो. त्याला उत्तर द्यायला १९४२ आणि १९५४ या दोन तारखा पुरेशा आहेत. माणूस तोच, विद्यापीठ तेच. १९४२ साली जी बुद्धी चालली नाही ती बारा वर्षांनी चालली. बदलले ते दार.

आणखी एक गोष्ट आहे. ब्लॅकवेल आपल्याला माहीत झाले, कारण ते आत पोहोचले. बाहेरच राहिलेल्यांची नोंद कोणत्याही अकादमीत नाही. एक थोर माणूस दाखवून ‘बघा, जिद्द असली की होते’ असे सांगणारे लोक हाच हिशेब लपवतात. मी मुलांना ब्लॅकवेल सांगतो तो त्या अर्थाने नव्हे.

गेल्या वर्षी हे सगळे ऐकून एका मुलीने विचारले, ‘सर, हॉवर्डवाल्यांनी पण नाही म्हटलं असतं तर?’ माझ्यापाशी उत्तर नव्हते. तिने गणित घेतले आहे. पहिल्या चाचणीत तिला कमी गुण मिळाले. मी तिची वही मागवली आणि पहिल्या पानापासून तपासायला बसलो.