शेततळ्याचा कागद बदलताना

एप्रिल संपत आला की निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात, सांगोल्याच्या डाळिंबाच्या माळावर, जालन्याजवळच्या कडवंचीसारख्या बागायती गावांत शेततळ्यांचे तळ उघडे पडू लागतात. वर्षभर पाण्याखाली असलेलं काळं प्लास्टिक, शेतकऱ्यांच्या बोलण्यातला ‘कागद’, दिसू लागतं. त्यावरच्या चिरा, जुनी ठिगळं आणि तळाचे फुगवटेही दिसू लागतात. २०१२-१३ च्या दुष्काळानंतर आणि पुढे २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आल्यावर राज्यात शेततळी खोदायला जोर आला. त्या वर्षांत अंथरलेल्या कागदांचं वय आता भरत आलं आहे, आणि कित्येक घरांत या उन्हाळ्याचा मोठा खर्च ठरलेला आहे.

खर्च मोठा असला की सगळी चर्चा दरावर येऊन थांबते. कोणाचा कागद किती रुपये चौरस मीटर, एवढंच विचारलं जातं. पण जुना कागद निघून नवा पडेपर्यंतच्या काही दिवसांतच तळ्याचा तळ, उतार, बांध आणि पाण्याचा हिशेब हे सगळं डोळ्यांसमोर मोकळं असतं. तेव्हा जे राहून जाईल, ते नव्या कागदाखाली पुढची सात-आठ वर्षं झाकलं जाईल. म्हणून दर विचारण्याआधी काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

अर्ध्या मिलिमीटरचा आधार

३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल आणि बाजूंना एकास एक उतार असलेल्या तळ्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी मावतं. चांगली काळी जमीन कोणी तळ्यासाठी मोडत नाही. त्यामुळे तळं येतं ते बहुधा मुरमाड, पडीक तुकड्यावर, आणि मुरूम पाणी धरत नाही. चिकणमाती धरते, पण एकदा सुकून भेगाळली की तीही भरवशाची राहत नाही. मग प्लास्टिकचं अस्तर लागतं. आपल्याकडे रुळलेला कागद ५०० मायक्रॉनचा, म्हणजे बरोबर अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. खरड छाटणीनंतरची द्राक्षबाग किंवा बहार धरलेलं डाळिंब उन्हाळ्यात तगतं ते या अर्ध्या मिलिमीटरवर.

गळती आहे की ऊन पाणी पितंय?

पाणी लवकर संपलं की पहिला संशय कागदावर जातो. तो प्रत्येक वेळी खरा नसतो. दख्खनच्या पठारावर उन्हाळ्याच्या भरात उघड्या पाण्याची पातळी रोज ८ ते १० मिलिमीटरने उतरू शकते. भरलेल्या ९०० चौरस मीटरच्या तळ्यातून याचा अर्थ दिवसाला ७ ते ९ हजार लिटर पाणी हवेत जातं, आणि त्यात कागदाचा काही दोष नसतो.

खात्री करायला साधी रीत आहे. एका टबात तळ्याचंच पाणी भरायचं, तो तळ्यात तरंगता ठेवायचा आणि दोरीने काठाला बांधायचा. टबाच्या आतल्या पाण्याची खूण टबावर आणि तळ्याच्या पाण्याची खूण कागदावर खडूने करायची. तीन-चार दिवस उपसा बंद, भरणा बंद. दोन्ही पातळ्या सारख्या उतरल्या तर ते बाष्पीभवन आहे. तळ्याची पातळी जास्त उतरली तर गळती आहे. गळणारं तळं एखाद्या उंचीवर येऊन गळायचं थांबलं, तर भोक त्याच उंचीवर, काठाच्या कुठल्यातरी बाजूला शोधायचं. ही एक खूण सापडली की सगळं तळं रिकामं करायची वेळ टळते.

भोक एखाददुसरं असेल तर जागा धुऊन, पूर्ण कोरडी करून त्याच जातीच्या कागदाचं ठिगळ गरम हवेच्या यंत्राने लावता येतं. पण मूळ कागदच संपला असेल तर ठिगळ टिकत नाही. काठावरची एक पट्टी कापून घट्ट दुमडा. घडीवर चीर पडली तर कागदाचा चिवटपणा गेला आहे. मग दुरुस्तीवर पैसे घालू नयेत.

कागद मरतो कशाने?

सगळ्यात मोठा शत्रू ऊन. पाण्याखालचा कागद वर्षानुवर्षं बरा राहतो, आणि पाण्याच्या रेषेवरचा, रोज उघडा पडणारा पट्टा आधी कडक होतो. त्यातही उत्तरेकडच्या काठाचा उतार दक्षिणेकडे तोंड करून असतो, त्यामुळे हिवाळाभर त्याला ऊन जास्त लागतं. कागद काळा असतो तो याचसाठी. त्यात मिसळलेली काजळी उन्हातले अतिनील किरण अडवते.

दुसरा शत्रू खालून येतो. तळात राहिलेला एक टोकदार दगड, वर तीन मीटर पाण्याचा दाब, आणि काही महिन्यांत भोक. लव्हाळ्याचा कोंब तर प्लास्टिक भेदून वर येतो. खेकडे आणि घुशी बांध पोखरतात आणि कागदाखाली पोकळी करतात. पाण्यासाठी उतरलेल्या कुत्र्याच्या नख्या, रानडुकरांचे खूर, गाळ काढताना वापरलेलं लोखंडी फावडं ही वरून होणाऱ्या जखमांची नेहमीची कारणं. आणि विहिरीची पातळी वर असलेल्या जागी पावसाळ्यात तळं रिकामं ठेवलं, तर भूजल खालून कागदाला उचलतं.

नवा कागद घेण्याआधी जुना कशाने गेला, हे शोधलंच पाहिजे. जुन्या कागदावरच्या प्रत्येक भोकाच्या जागी चुन्याने किंवा रंगाने खूण करून ठेवा आणि तो उचलल्यावर त्याच्या बरोबर खाली काय आहे ते बघा. कारण तसंच राहिलं तर नवा कागदही त्याच जागी फाटेल.

माप आणि निवड

अमेरिकेत घरामागच्या पोहण्याच्या तलावांनाही असंच अस्तर असतं, तेही साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचं आणि दहाएक वर्षांनी बदलावं लागणारं. पण ते विनाइलचं असतं आणि विनाइल ताणलं जातं. म्हणून तिथे अस्तर मुद्दाम थोडं लहान बनवून आणतात आणि मागची हवा यंत्राने ओढून भिंतीला चापून बसवतात. आपला कागद एचडीपीई या जातीच्या प्लास्टिकचा, बहुतेक वेळा विणलेल्या कापडावर दोन्हीकडून थर चढवलेला. तो ताणला जात नाही. म्हणून आपल्याकडचा नियम उलटा आहे: कागद कधीच कमी पडता कामा नये आणि कोपऱ्यात तो अधांतरी राहता कामा नये.

वरच्या मापाच्या तळ्याला तळाचे ५७६ आणि चार उतारांचे सुमारे ४५८, असा मिळून जवळपास १,०३५ चौरस मीटर कागद लागतो. काठावरच्या चरात दाबायला चारही बाजूंनी मीटरभर जास्तीचा धरला की आकडा साडेअकराशेच्या पुढे जातो. खोदाईच्या वेळचं माप कागदपत्रांत असेल, पण ते वापरू नका. इतक्या वर्षांत उतार घसरलेले असतात, तळाला गाळ साचलेला असतो. जुना कागद काढून, तळ साफ करून मगच फिता लावा.

खरेदी करताना आयएस १५३५१ हा भारतीय मानकाचा क्रमांक, जाडी आणि उत्पादनाचं वर्ष कागदावर छापलेलं आहे का ते बघा. जाडी मोजायला मायक्रोमीटर मिळाला तर उत्तम. नाहीतर एक चौरस मीटरचा तुकडा वजन करून उत्पादकाने दिलेल्या वजनाशी ताडा. वजनात लक्षणीय तूट असेल तर माल परत करा. बिल आणि हमीपत्र दोन्ही पक्की घ्या.

अंथरणं

कामाचा काळ मे महिन्याचा शेवट ते मृगाच्या आधी. तळं रिकामं असतं आणि पाऊस तोंडावर असतो. पण उन्हाने प्लास्टिक प्रसरण पावतं. तीस मीटरचा कागद पहाटेच्या आणि भर दुपारच्या तापमानात काही इंचांनी लांब-आखूड होतो. भर दुपारी ताणून बसवलेला कागद रात्री आखडतो आणि सांध्यावर ओढ येते. त्यामुळे अंथरणं आणि चर बुजवणं सकाळी लवकर करावं आणि कागद थोडा सैल ठेवावा.

त्याआधीची तयारी खरी महत्त्वाची. दगड-गोटे, मुळं वेचून काढायची. घुशीची बिळं खणून, माती ठोकून भरायची. उतारावरचे खड्डे चाळलेल्या मातीने भरून धुमस करायचं. तळावर बारीक मातीचा थर द्यायचा. काठापासून थोडं अंतर सोडून दीड-दोन फुटांचा चर चारही बाजूंनी काढायचा. कागद चरात दाबल्यावर तो चर मातीने भरायचा. जोरदार वळीव आला तर रिकाम्या तळ्यातला कागद वाऱ्याने फडफडून उचलला जातो. म्हणून तळावर आणि काठावर मातीने भरलेल्या गोण्या ठेवायच्या आणि शक्य तितक्या लवकर तळात फूटभर तरी पाणी सोडायचं.

सांधे जोडणाऱ्यावर नजर ठेवा. जोड गार झाला की त्याच्या कडेने बोथट स्क्रू-ड्रायव्हर दाबत फिरवा. तो कुठे आत घुसला तर तिथे वेल्डिंग धरलेलं नाही. कोपऱ्यातले सांधे सगळे तपासा, कारण तिथेच घाई होते. पाइपसाठी कागदाला भोक पाडू नका. उपसा काठावरून घ्या आणि फुटव्हॉल्व्ह तरंगत्या ट्यूबला बांधा, म्हणजे तो तळाला घासणार नाही. जिथे पाणी धबधब्यासारखं पडतं तिथे जुन्या कागदाचा एक तुकडा वर अंथरा.

जुन्या कागदाचं काय?

साडेअकराशे चौरस मीटरचा कागद वजनाला अर्ध्या टनाच्या आसपास भरतो. तो तसाच खाली ठेवून त्यावर नवा टाकणं स्वस्त वाटतं, पण त्याने दगड आणि बिळं झाकली जातात आणि दोन थरांत पाणी साचतं. म्हणून जुना कागद काढायचाच. त्यातला धड भाग कडब्याच्या गंजीवर, चाळीवर, जनावरांच्या गोठ्यावर चालतो. उरलेला धुऊन, वाळवून भंगारवाल्याला द्या. एचडीपीईचा पुनर्वापर होतो. तो जाळू नका आणि बांधात पुरूही नका. जळालेल्या प्लास्टिकचा धूर आपल्याच घरात येतो आणि पुरलेलं प्लास्टिक नांगराला लागत राहतं.

पाणी येतं कुठून?

कागद बदलताना हा प्रश्न स्वतःला विचारायलाच हवा. शेततळ्याची मूळ कल्पना पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवण्याची. पण अनेक ठिकाणी तळी भरतात ती विहिरी आणि बोअरमधून उपसलेल्या पाण्याने. जमिनीखाली सुरक्षित असलेलं, सगळ्या गावाचं पाणी वर आणून आपण ते उन्हात उघडं ठेवतो. ऑक्टोबर ते मे या काळात उघड्या तळ्यातून मीटरभराहून जास्त पाणी उडून जाऊ शकतं. वरच्या मापाच्या तळ्यात वरचा एक मीटर म्हणजे ८ लाख ४० हजार लिटर. एकाच्या तळ्यातून हवेत गेलेलं हे पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत असू शकलं असतं.

यावर तळं बुजवा असं कोणी म्हणणार नाही. बागेचा जीव त्यावर आहे. पण नवा कागद अंथरताना तळ्याचा आकार बागेच्या खऱ्या गरजेइतका करता येतो. उथळ-पसरट तळं लहान आणि खोल करता येतं. शिवारातून येणाऱ्या पावसाच्या पाण्याला गाळ अडवणाऱ्या खड्ड्यातून तळ्यात वाट करून देता येते. विहिरीचं पाणी भरायचंच असेल तर ते पावसाळ्यात, विहीर तुडुंब असताना भरावं. हे बदल कागद पडल्यावर करता येत नाहीत.

सगळ्यात आधी कुंपण

ओला कागद अतिशय निसरडा असतो. एकास एक उतारावर, शेवाळ धरलेल्या प्लास्टिकवर पट्टीचा पोहणारासुद्धा वर चढू शकत नाही. धरायला काही नसतं, पाय टेकत नाहीत. शेततळ्यात बुडून लहान मुलं, आणि त्यांना वाचवायला उतरलेली मोठी माणसं दगावल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. हे मृत्यू टाळता येण्यासारखे आहेत.

चारही बाजूंना जाळीचं कुंपण आणि कुलूप लागणारं फाटक. चारही उतारांवर काठाला खुंटीशी बांधलेले, तळापर्यंत पोहोचणारे गाठींचे दोर. काठावर फुगवलेल्या ट्यूब. कागदाच्या किमतीपुढे हा खर्च फार थोडा आहे. चर उघडा असतानाच खुंट्या आणि खांब पक्के बसवता येतात, नंतर ते काम मागे पडतं. म्हणून यंदा कागदाचं अंदाजपत्रक मागवाल तेव्हा त्याच्या पहिल्या ओळीत कुंपण आणि दोर लिहून घ्या, आणि ते लागल्याशिवाय तळ्यात पाणी सोडू नका.