फुकट दिला तरी परवानगी हवीच

आवडत्या व्हिडिओ गेमवर बेतलेला गेम चाहत्याने फुकट वाटला, तर कॉपीराइटचा प्रश्नच येत नाही, असे अनेकांना वाटते. तसे नाही. अशी व्युत्पन्न कृती (मूळ कृतीवर आधारलेली नवी निर्मिती) करू देण्याचा हक्क मूळ मालकाचा असतो. दुसऱ्याच्या शेतात न विचारता पेरून धान्य फुकट वाटले, तरी शेत आपले होत नाही. निन्टेन्डो कंपनीच्या ‘मेट्रॉइड २’ या गेमचा एका चाहत्याने अनेक वर्षे खपून केलेला मोफत नवा अवतार २०१६ मध्ये निन्टेन्डोच्या तक्रारीनंतर काही दिवसांतच उतरवावा लागला, काम वाखाणण्याजोगे होते, तरीही. उलट सेगा कंपनीने आपला ‘सॉनिक मेनिया’ हा गेम (२०१७) चाहत्यांमधूनच आलेल्या डेव्हलपरांकडून रीतसर करवून घेतला. नुसती कल्पना किंवा खेळाचे नियम कॉपीराइटमध्ये येत नाहीत; पात्रे, चित्रे, संगीत येते. परवानगी नसेल, तर तेवढे स्वतःचे घडवा.