वर्डचा फॉर्म : उत्तर बदललं की पुढचा प्रश्न बदलायला हवा

व्हिडिओत जे भराभर झालं, ते इथे सावकाश लिहितोय.

उद्यम नोंदणीचं काम घ्या. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि सरकारी पोर्टलवर तिची फी शून्य आहे. (आपण घेतो ते आपल्या कामाचे पैसे, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.) जासईत काउंटरवर जेएनपीएच्या कामाला गाडी लावलेला मालक येतो, त्याच्या पाठोपाठ भागीदारीतली खानावळ. एकट्याच्या धंद्याला मालकाचं आधार लागतं, भागीदारीला मॅनेजिंग पार्टनरचं. कंपनी असेल तर सहीचा अधिकार असलेल्या माणसाचं आधार, शिवाय कंपनीचा पॅन. सगळ्यांच्या हातात एकच यादी दिली की माणूस हवा तो कागद नेमका घरी ठेवून येतो. त्याची अर्ध्या दिवसाची कमाई जाते, आणि पुढच्या वेळी तो शेजारच्या दुकानात जातो.

म्हणून वर्ड उघडण्याआधी कागदावर प्रश्न मांडा. ज्या उत्तरावर बाकीचे प्रश्न ठरतात, तो प्रश्न सगळ्यात वर. आपल्याकडे तो म्हणजे "धंदा कोणाच्या नावावर?" आणि दुसरा "जीएसटी नंबर आहे का?"

आता वर्ड. फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन इथे जाऊन डेव्हलपरवर टिक करा. डेव्हलपरमध्ये लेगसी टूल्स आहेत, त्यातला ड्रॉप-डाउन घ्या. नावावर जाऊ नका, या कामाला हे जुनंच अवजार सोपं पडतं. त्यावर डबल क्लिक करून "आहे" आणि "नाही" भरा, बुकमार्कला जागा न सोडता छोटं नाव द्या आणि "कॅल्क्युलेट ऑन एक्झिट"वर टिक करा. ही टिक राहिली तर पुढचं काहीच हलत नाही.

खालच्या ओळीत कंट्रोल आणि एफ९ दाबा. महिरपी कंस येतील. ते कीबोर्डवरून टाइप केलेले चालत नाहीत. कंसात इंग्रजीत इफ, मग बुकमार्कचं नाव, बरोबरचं चिन्ह, अवतरणात "आहे", त्यापुढे अवतरणात "जीएसटी नंबर लिहा" आणि शेवटी, तसंच अवतरणात, "हा रकाना सोडा". "आहे"नंतर एक स्पेस जास्त पडली तरी वर्ड ते वेगळं उत्तर धरतं. शेवटी रिव्ह्यूमधल्या रिस्ट्रिक्ट एडिटिंगमध्ये "फिलिंग इन फॉर्म्स" निवडून संरक्षण सुरू करा. उत्तर निवडून टॅब दाबलात की ओळ बदलेल.

इथे वर्डची मर्यादा ओळखा. ओळ बदलते, पण इफच्या आत नवा भरायचा रकाना ठेवायच्या भानगडीत पडू नका, तो नीट चालत नाही. रकाना आधीपासून खाली ठेवा, त्याच्या वरची सूचना तेवढी बदलू द्या. जीएसटीच्या रकान्याला कमाल लांबी १५ आणि अप्परकेस द्या. पहिले दोन अंक महाराष्ट्रासाठी २७, पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. दिलेल्या पॅनशी ती तिथेच ताडून बघा. मॅक्रोने याहून जास्त करता येतं, पण मेलने आलेल्या फाइलमधले मॅक्रो वर्ड आता अडवतं, त्यामुळे गिऱ्हाइकाला पाठवायच्या फाइलीत ते नकोतच.

ही फाइल काउंटरवरच्या कॉम्प्युटरसाठी आहे, मोबाईलवर तिच्या नादी लागू नका. गिऱ्हाईक घरून भरणार असेल तर गूगल फॉर्म्स घ्या. तिथे प्रश्नाच्या तीन टिंबांमध्ये उत्तराप्रमाणे वेगळ्या सेक्शनला पाठवायची सोय आहे. फक्त प्रश्न मल्टिपल चॉइस किंवा ड्रॉप-डाउन ठेवा, चेकबॉक्सला ती सोय मिळत नाही. आणि आधार नंबर त्या फॉर्मवर मागू नका. तो गिऱ्हाईक समोर बसल्यावर थेट पोर्टलवर टाका, तसाही ओटीपी त्याच्याच मोबाईलवर येणार असतो.