समुद्रातलं तेल, किनाऱ्यावरची मतं

अमेरिकेत निवडणुका आल्या की ‘ड्रिल, बेबी, ड्रिल’ हटकून कानावर पडतं. २००८च्या रिपब्लिकन अधिवेशनात मायकेल स्टील यांनी ही घोषणा दिली आणि पुढे डोनाल्ड ट्रम्प यांनी ती उचलली. घोषणा इतकी सोपी आहे की तिच्यामागचं राजकारणही तेवढंच सोपं असावं, असं वाटून जातं.

गैरसमज : समुद्रातल्या तेलविहिरींना रिपब्लिकनांचा पाठिंबा, डेमोक्रॅट्सचा विरोध.

ढोबळमानाने हे खरं आहे, पण फ्लोरिडात हा हिशेब कोलमडतो. ४ जानेवारी २०१८ रोजी ट्रम्प यांचे मंत्री रायन झिंकी यांनी देशाचा जवळजवळ सगळा सागरी पट्टा तेल कंपन्यांना खुला करण्याचा आराखडा जाहीर केला. ९ जानेवारीला हेच झिंकी टॅलाहासीच्या विमानतळावर फ्लोरिडाचे रिपब्लिकन गव्हर्नर रिक स्कॉट यांच्या शेजारी उभे राहिले आणि फ्लोरिडाला वगळत असल्याचं सांगून मोकळे झाले. पाच दिवसांत असं काय घडलं? फ्लोरिडाचं पोट पर्यटनावर चालतं, आणि स्कॉट त्याच वर्षी सिनेटची निवडणूक लढवणार होते. सप्टेंबर २०२० मध्ये, मतदान दोन महिन्यांवर आलेलं असताना, खुद्द ट्रम्प यांनीच फ्लोरिडा, जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यांलगत २०३२ पर्यंत नवे भाडेपट्टे बंद केले.

डेमोक्रॅट्सचंही तसंच. ३१ मार्च २०१० रोजी बराक ओबामा यांनी अटलांटिकचा काही भाग तेलशोधासाठी खुला करण्याचा मनोदय जाहीर केला. तीन आठवड्यांच्या आत, २० एप्रिलला, मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलफलाटावर स्फोट झाला, ११ कामगार गेले आणि ती योजना गुंडाळावी लागली. जो बायडेन यांच्या २०२२च्या हवामानविषयक कायद्यात तर अशी मेख मारलेली आहे की समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी पट्टे द्यायचे, तर आधीच्या वर्षभरात तेलासाठी किमान ६ कोटी एकर लिलावात काढलेले हवेत. ही अट तेव्हाचे सिनेटर जो मॅन्चिन यांच्या आग्रहामुळे आली. ते तेव्हा डेमोक्रॅट होते, आणि त्यांच्या वेस्ट व्हर्जिनियाला समुद्रकिनाराच नाही!

खरी विभागणी पक्षापेक्षा किनाऱ्यावर ठरते. लुइझियाना, टेक्सस, मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांना २००६च्या कायद्याने आखातातल्या ठरावीक पट्ट्यांच्या उत्पन्नातला ३७.५ टक्के वाटा मिळतो. शिवाय लुइझियानात अनेक घरांतलं कुणी ना कुणी या धंद्याशी बांधलेलं असतं. तिथला डेमोक्रॅटही तेलाच्या बाजूने बोलतो. अटलांटिक किनाऱ्यावरच्या राज्यांना असा वाटा नाही. त्यांच्या पदरी फक्त तेलगळतीची धास्ती. आपल्याकडेही बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राची रॉयल्टी केंद्राकडे जाते, महाराष्ट्राकडे नाही.

गैरसमज : विहिरी वाढल्या की पेट्रोल स्वस्त.

राजकीयदृष्ट्या सगळ्यात कामाचा गैरसमज हाच. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं आणि त्याच महिन्यात जॉर्ज बुश यांनी, त्यांच्या वडिलांनी १९९० मध्ये समुद्रातल्या नव्या तेलविहिरींवर घातलेली बंदी उठवली. डिसेंबरात भाव ४० डॉलरच्या खाली आला. समर्थकांना आनंद झाला, पण नव्या विहिरीतून तोवर थेंबही निघाला नव्हता. भाव पाडला जागतिक मंदीने. सरकारच्याच ऊर्जा माहिती प्रशासनाने २००७ मध्ये लिहून ठेवलं होतं की बंद असलेले किनारे खुले केले तरी २०३० पूर्वी उत्पादनावर किंवा भावावर लक्षणीय परिणाम होणार नाही. तेलाचा भाव जगाच्या बाजारात ठरतो आणि पंपावरच्या किमतीत करांचीही भर पडते. मुंबईपासून १६० किलोमीटरवरचं बॉम्बे हाय १९७६ पासून तेल देतं आहे, तरी मुंबईकर दिल्लीकरापेक्षा महाग पेट्रोल भरतो.

गैरसमज : अध्यक्षांनी सही केली की तेल वाहू लागतं.

मेक्सिकोच्या आखातातलं सेंट मालो हे क्षेत्र २००३ मध्ये सापडलं, शेजारचं जॅक २००४ मध्ये. दोन्हींतून तेल यायला डिसेंबर २०१४ उजाडला. खोल समुद्रातल्या प्रकल्पात अब्जावधी डॉलर गुंतवायचे, तर कंपनी पुढच्या वीस-तीस वर्षांचा भाव डोळ्यांसमोर ठेवते. सत्तेवर कोण आहे, हा प्रश्न त्यानंतरचा. अलास्कातल्या कुक इनलेटमध्ये डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे साडेनऊ लाख एकरांचा लिलाव झाला. बोली आली एकच, ६३,९८३ डॉलरची.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने ३४ नव्या लिलावांचा प्रस्ताव मांडला : २१ अलास्कात, ७ आखातात, ६ कॅलिफोर्नियापाशी. अटलांटिकमध्ये एकही नाही. त्यामुळे ‘अमुक कोटी एकर समुद्र खुला’ असा मथळा पुन्हा दिसला, की एकरांच्या आकड्यावर जाऊ नका. कुठला किनारा वगळला ते पाहा, आणि लिलावाच्या दिवशी बोली किती आल्या ते मोजा.