नाल्याचं पाणी सांगतं विषाणूचा प्रकार. पाचगणीसारख्या गावांना काय फायदा?

पाचगणी : सुट्टी संपली की पाचगणीच्या निवासी शाळांत बाहेरगावची मुलं परततात. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या पसरणी घाट चढतात. त्यात कुणाला ताप-खोकला आला, तर बरेच जण मेडिकलमधून गोळी आणतात, चाचणी करत नाहीत. मग गावात साथ आहे का आणि विषाणूचा कोणता प्रकार फिरतोय, हे कळणार कसं? याचं उत्तर सांडपाण्यात मिळू शकतं.

माग कसा लागतो?

कोरोना झालेल्या अनेकांच्या विष्ठेतून विषाणूचे अंश बाहेर पडतात, लक्षणं नसली तरीही. नाल्यात शेकडो घरांचं पाणी एकत्र येतं. त्यामुळे एका बाटलीत अख्ख्या वस्तीचा अंदाज मिळतो. त्यातले अंश कुठल्या घरातले, हे कळत नाही. म्हणून कुणाचं नाव उघड होण्याची भीती नाही.

प्रयोगशाळेत काय होतं?

आधी पाण्यातून विषाणूचे अंश वेगळे करतात. पीसीआर चाचणीत विषाणू आहे का आणि साधारण किती, ते समजतं. पुढची पायरी जनुकीय क्रमवाचनाची. कोरोनाची जनुकीय माहिती सुमारे 30 हजार अक्षरांची असते. कोणती अक्षरं बदलली, त्यावरून डेल्टा की ओमायक्रॉन ते ठरतं. सांडपाण्यात अनेकांचे तुटके तुकडे मिसळलेले असतात, म्हणून कोणत्या प्रकाराचा वाटा किती, हे संगणकाच्या मदतीने काढावं लागतं.

राज्यात कुठे झालं?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संशोधकांनी डिसेंबर 2020 ते मार्च 2021 या काळात शहर परिसरातल्या उघड्या नाल्यांचं पाणी तपासलं. त्यात कोरोनाचे अंश सापडले आणि त्यांच्यातले जनुकीय बदलही वाचता आले. म्हणजे भुयारी गटार नसली तरी हे काम होऊ शकतं. पोलिओसाठी तर मुंबईत 2001 पासूनच सांडपाण्यावर नजर ठेवली जाते.

गावात अडचण कुठे?

वाडी-वस्तीवर घराघराला सेप्टिक टँक किंवा शोषखड्डा असतो. पाणी एका जागी येतच नाही, त्यामुळे एका बाटलीत गाव मावत नाही. अशा ठिकाणी वसतिगृहाची टाकी, बाजारपेठेचा नाला किंवा मैला उपसणारी गाडी जिथे रिकामी होते ती जागा, इथून नमुना घेता येतो. तशी सोय झाली नाही, तर नवा प्रकार शहरात लवकर कळेल आणि गावात मात्र आजारी माणसं दवाखान्यात आल्यावरच.

हे लक्षात ठेवा

नाल्यात अंश सापडले म्हणजे नळाचं पाणी बाधित झालं, असं नाही. कोरोना मुख्यतः श्वासावाटे पसरतो. त्यामुळे तसे मेसेज पुढे पाठवू नका. शिवाय ही तपासणी गावाचा अंदाज देते, तुमच्या तापाचं निदान करत नाही. ताप अंगावर काढू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.