परदेशी जाणारा पैसा आणि त्याचा हेतू

परदेशी पैसा किती गेला, यापेक्षा तो कशासाठी गेला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत धनप्रेषण योजनेचे आकडे या दृष्टीने वाचण्याजोगे आहेत. २०१८-१९ साली भारतीय रहिवाशांनी प्रवासासाठी सुमारे ४८० कोटी डॉलर बाहेर धाडले आणि शिक्षणासाठी ३५७ कोटी. २०२४-२५ साली प्रवासाचा आकडा १,७०० कोटींच्या घरात गेला. शिक्षणाचा मात्र, २०२१-२२ मध्ये ५१६ कोटींपर्यंत चढून, २९२ कोटींवर उतरला. कॅनडाने २०२४ साली विद्यार्थी-परवान्यांवर घातलेली मर्यादा हे त्याचे एक कारण होय.

सहलीच्या हौसेवर आमचा रोष नाही. स्वकष्टाच्या पैशाने कोणी जग पाहिले, तर त्यात गैर ते काय? व्यापारी व्यापारासाठी जातो, भाविक हजला जातो. तेही योग्यच आहे. परंतु जालना जिल्ह्यासारख्या दुष्काळाशी झुंजणाऱ्या भूमीत शिक्षणाच्या रकान्याचे मोल वेगळे आहे. बियाण्याच्या व्यवसायाने या गावाचे नाव जगात नेले, कै. बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार लाभला. ज्ञानात पेरलेला पैसा उगवतो, हे जालनेकरांस निराळे सांगावयास नको.

म्हणूनच कायद्यातील एक विसंगती आम्हांस खटकते. मान्य वित्तसंस्थेचे कर्ज काढून शिकणाऱ्याच्या रकमेवरील उगमस्थानीची करवसुली १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाली, हे उत्तम झाले. परंतु ज्या शेतकऱ्याने वावर विकून मुलीची फी भरली, त्यास ही सवलत नाही. वर्षाकाठी दहा लाखांपलीकडील रकमेवर बँक त्याच्याकडून कर घेते. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने ज्याने जन्मात कधी प्राप्तिकराचे विवरणपत्र भरले नाही, त्यास आपलेच पैसे परत मिळविण्यासाठी ते भरावे लागते. तोवर ती रक्कम अडकून राहते, आणि महाविद्यालयाची मुदत काही त्याच्यासाठी थांबत नाही.

कर्जाचा पैसा आणि वावराचा पैसा यांचा हेतू एकच असता न्याय दोन का असावेत? पैसा पाठविताना बँक हेतू लिहून घेतेच. मग शिक्षण हा हेतू सिद्ध होताच ही वसुली थांबविणे अशक्य नाही. अर्थमंत्र्यांनी ती थांबवावी. सहलीस निघालेल्यास थोडे थांबविल्याने फारसे बिघडत नाही. विद्यार्थ्याचे मात्र एक वर्ष जाते.