झाडाच्या सालीपासून सलाईनपर्यंत

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे समुद्राच्या कडेने निघाले की वाटेत आरे-वारे लागते. पर्यटक येथील दोन किनारे आणि सुरूचे बन पाहून पुढे जातात. आम्ही मात्र येथे एका आजारी भगिनीची विचारपूस करायला गेलो होतो. स्तनाच्या कर्करोगावर तिचे उपचार चालू आहेत. तिच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने फाइल आमच्यापुढे ठेवली. सलाईनमधून द्यायच्या औषधांत पॅक्लिटॅक्सेल हे नाव होते. "काका, हे औषध बनते तरी कशाचे?" त्याने विचारले. शेजारच्या मावशी मध्येच म्हणाल्या, "सुया टोचून केस घालवून घेण्यापेक्षा गावातला झाडपाला काय वाईट?"

मुलाचा प्रश्न आणि मावशींचा सल्ला, दोहोंचे उत्तर एकाच शास्त्रज्ञाच्या कामात सापडते. तो शास्त्रज्ञ आपल्या महाराष्ट्रात जन्मला, पण त्याचे नाव आपल्या घरांत फारसे कोणाला ठाऊक नाही.

नंदुरबारचे डॉ. मनसुख वाणी

डॉ. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठातून ते १९४७ मध्ये बी.एस्सी. आणि १९५० मध्ये एम.एस्सी. झाले. पुढे अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातून १९६२ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली, तेव्हा त्यांचे वय ३७ होते. संसाराचा गाडा ओढताना "आता या वयात काय शिकायचे" असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

त्याच वर्षी ते नॉर्थ कॅरोलिना राज्यातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट या संस्थेत डॉ. मन्रो वॉल यांच्या हाताखाली रुजू झाले. त्या काळी अमेरिकन सरकारची कर्करोग संस्था हजारो वनस्पतींचे नमुने गोळा करून तपासत होती. १९६२ मध्येच आर्थर बार्कले या वनस्पतितज्ज्ञाने वॉशिंग्टन राज्याच्या जंगलातून यू नावाच्या झाडाची साल आणली. लाकूडतोडे या झाडाला कचरा समजून जाळून टाकत. त्या सालीच्या अर्कात कर्करोगाच्या पेशी मारण्याचा गुण दिसला आणि नमुना वॉल-वाणी यांच्याकडे आला.

यापुढचे काम सुपात धान्य पाखडण्यासारखे आहे. साल कुटायची, मद्यार्कात भिजवायची, अर्काचे भाग पाडायचे. प्रत्येक भाग कर्करोगाच्या पेशींवर आणि उंदरांवर तपासायचा. ज्या भागात गुण दिसेल तेवढाच ठेवायचा आणि त्याचे पुन्हा भाग पाडायचे. असे करत करत शेवटी एकच शुद्ध पदार्थ हाती येतो. पोत्यांनी साल कुटावी तेव्हा चिमूटभर मिळतो. वॉल आणि वाणी यांनी त्याला टॅक्सॉल नाव दिले आणि त्याची रचना १९७१ साली जगापुढे मांडली. पॅक्लिटॅक्सेल म्हणतात ते हेच.

परांची आणि दोरी

हे औषध काम कसे करते, ते न्यूयॉर्कच्या डॉ. सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले. एका पेशीच्या दोन होताना आत बारीक नळ्यांची जणू परांची उभी राहते आणि काम झाले की ती सोडवली जाते. पॅक्लिटॅक्सेल ही परांची सुटूच देत नाही. त्यामुळे वेड्यासारखी वाढणारी कर्करोगाची पेशी अडकून मरते. केसांच्या मुळातल्या पेशीही भराभर वाढणाऱ्या असतात. त्यांनाही फटका बसतो, म्हणून केस जातात. उपचार संपल्यावर बहुतेकांचे केस परत येतात, हे मावशींना सांगायला हवे.

माणसांवरच्या चाचण्या १९८४ मध्ये सुरू झाल्या. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेत बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी आणि १९९४ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी औषधाला मान्यता मिळाली. साल सोलल्यापासून मान्यतेपर्यंत ३० वर्षे गेली.

या दोघांचे दुसरे संशोधन याहून आधीचे आहे. चीनमधल्या एका झाडातून त्यांनी १९६६ साली कॅम्टोथेसिन वेगळे केले. रुग्णांना ते दिले तेव्हा गुणापेक्षा त्रासच फार झाला. मूत्राशयाला जबर इजा होऊ लागली आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चाचण्या थांबवाव्या लागल्या. १९८५ मध्ये त्याच्या कामाचे मर्म कळले. पेशीतील डीएनए म्हणजे पीळ बसलेली दोरी. पीळ सैल करण्यासाठी पेशी दोरीचा एक पदर कापते आणि पुन्हा जोडते. कॅम्टोथेसिन तो जोड होऊ देत नाही. हे समजल्यावर रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रचनेत फेरफार करून सोसवतील अशी दोन औषधे घडवली. टोपोटेकॅन बीजांडकोशाच्या आणि पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी, तर इरिनोटेकॅन मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी वापरतात.

आपल्या सह्याद्रीतला नरक्या

आता पुन्हा कोकणाकडे वळू. आरे-वारेच्या पूर्वेला सह्याद्रीच्या जंगलात नरक्या नावाचे झाड आहे. त्याच्या उग्र घाणीवरून हे नाव पडले. मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात डॉ. टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी १९७२ साली दाखवून दिले की, या झाडातही कॅम्टोथेसिन आहे आणि ते चिनी झाडापेक्षा जास्त प्रमाणात आहे. याच केंद्रात डॉ. के. नागराजन यांच्या गटाने आमांशावरचे सॅट्रानिडॅझोल हे औषध शोधले. म्हणजे हे शास्त्र केवळ परदेशातच चालते असे नाही. लोकलने जाता येईल इतक्या अंतरावर ते घडले आहे.

पण या शोधाची दुसरी बाजूही पाहा. नरक्याला परदेशात मागणी आली आणि कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गाच्या डोंगरांत चोरटी तोड सुरू झाली. तोडणाऱ्या गरिबाच्या हातावर किलोमागे मोजके रुपये पडले. पुढचा सारा नफा मधले व्यापारी आणि कंपन्या घेऊन गेल्या. वनखात्याचा गुन्हा मात्र कुऱ्हाड धरणाऱ्यावर दाखल झाला. यू झाडावरही असेच संकट आले होते, कारण साल सोलली की झाड मरते. तेथे फ्रान्सचे पिएर पोतिए आणि अमेरिकेचे रॉबर्ट होल्टन या रसायनशास्त्रज्ञांनी दुसरी वाट काढली. युरोपातील यूच्या पानांतून कच्चा पदार्थ घ्यायचा आणि उरलेले औषध प्रयोगशाळेत घडवायचे. पाने पुन्हा फुटतात, त्यामुळे झाड वाचते आणि रुग्णही वाचतो.

झाड म्हणजे औषध नव्हे

मावशींना आमचे सांगणे एवढेच की, तुमच्या झाडपाल्यातच औषध असेल, हे शास्त्र नाकारत नाही. शास्त्रज्ञही झाडापाशीच गेले. पण शुद्ध केलेल्या कॅम्टोथेसिननेसुद्धा माणसांना इजा झाली. मग नरक्याची साल कुटून कोणी वैदू देत असेल तर ती किती पोटात गेली, त्यातले विष किती, हे कोण मोजणार? त्या फेऱ्यांत महिने जातात आणि लहान गाठ मोठी होते. स्तनात गाठ लागली, अंगावरून अवेळी रक्त गेले, तर लाज न धरता सरकारी रुग्णालय गाठावे.

खर्चाची धास्ती खरी आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील केमोथेरपीचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन आधी त्याला भेटावे. औषध विकत आणायची वेळ आलीच, तर कंपनीच्या नावाऐवजी मूळ नावाने किंमत विचारावी. पॅक्लिटॅक्सेल आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि त्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे.

डॉ. वाणी एप्रिल २०२० मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी निवर्तले. टॅक्सॉलच्या रेणूचे पेटंट त्यांनी घेतले नव्हते. आरे-वारेच्या त्या मुलाला आम्ही त्यांचे नाव वहीत लिहून घ्यायला सांगितले. तो विज्ञान शाखेत आहे आणि रसायनशास्त्र अवघड जाते म्हणून बारावीनंतर सोडायचे म्हणतो. अशी मुले आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. आईबापांनी त्यांना या विषयातून लवकर उठवू नये. डोंगरातले झाड आपले आहे, ते पाखडून औषध काढणारे हातही आपल्या घरचे असू द्यावेत.